म्हाताऱ्या मांजरीचे थायरॉइड आणि हृदय: उपचार आधी कशावर?

आपला प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडते. आपली मांजरी १३ वर्षांची असून तिची नसबंदी झालेली आहे. गेल्या आठ महिन्यांत तिचे वजन ४.६ किलोवरून ३.७ किलोवर उतरले, भूक मात्र वाढली आणि रात्री-अपरात्री ती घरभर ओरडत फिरते. रक्तात टी४ हे थायरॉइडचे हॉर्मोन ९.२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे बरेच चढे, आले, एएलटी हे यकृताचे एन्झाइम वाढलेले निघाले, किडनीचा अंदाज देणारे क्रिएटिनिन १.३ म्हणजे मर्यादेत होते. हृदयाचे ठोके मिनिटाला २४० च्या घरात, सोबत मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर ऐकू येणारा जादा आवाज, आणि वरचा रक्तदाब १७५. एका पशुवैद्यांनी थायरॉइडची गोळी त्याच दिवशी सुरू करायला सांगितली. दुसऱ्यांनी हृदयाची पूर्ण तपासणी होईपर्यंत गोळीला हात लावू नका, नाहीतर हृदय बंद पडेल, असे बजावले. कोणाचे ऐकावे, हृदयाची औषधे जन्मभर द्यावी लागतील का, आणि या वयात तिला एवढे छळणे योग्य आहे का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

मी बरीच वर्षे प्रामुख्याने मांजरांवरच उपचार करत आले आहे आणि हा पेच माझ्यासमोर वारंवार येतो. दोन्ही डॉक्टरांचे म्हणणे निराधार नाही; पण ‘थायरॉइड की हृदय’ अशी निवड आपल्यापुढे ठेवली गेली, ती मला पटत नाही. खरा प्रश्न असा आहे की हृदयात आज जो बिघाड दिसतो आहे, त्यातला किती भाग थायरॉइडने घडवलेला आहे आणि किती हृदयाचा स्वतःचा आहे. याचे खात्रीचे उत्तर आजच्या घडीला कोणतीही तपासणी देऊ शकत नाही, अगदी उत्तम इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीसुद्धा नाही. ते उत्तर मिळवण्याचा मार्ग एकच: थायरॉइड अशा औषधाने आटोक्यात आणायचे की जे गरज पडल्यास मागे घेता येईल, आणि मग काही आठवड्यांनी हृदय, रक्तदाब आणि किडनी यांच्याकडे पुन्हा नव्याने पाहायचे. आज सोडवण्याजोगा प्रश्न त्यामानाने लहान आहे, तो म्हणजे हृदय या क्षणी हार खाण्याच्या बेतात आहे की नाही.

हे असे का, ते नीट समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे जातात. मांजरांतील या आजाराचे वर्णन पशुवैद्यकीय साहित्यात १९७९-८० च्या सुमारास प्रथम आले आणि आज वयस्क मांजरांत आढळणारा हा सर्वांत नेहमीचा ग्रंथींचा विकार आहे. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना थायरॉइडचा एकेक भाग असतो. त्यात गाठी वाढतात आणि शरीराच्या गरजेची पर्वा न करता हॉर्मोन सोडत राहतात. या गाठी बहुतेक वेळा साध्या असतात, कर्करोग १०० पैकी दोन-तीन मांजरांतच निघतो. तपासताना मी मांजरीची हनुवटी थोडी वर उचलते, अंगठा आणि तर्जनी श्वासनलिकेच्या दोन बाजूंना ठेवून हलकेच छातीकडे सरकवते. वाढलेली ग्रंथी असेल तर बोटाखालून एक लहानशी गुळगुळीत गाठ टुपकन निसटते. आपल्या डॉक्टरांना ती लागली का, हे जरूर विचारा. सुमारे ७० टक्के मांजरांत दोन्ही बाजू वाढलेल्या असतात आणि पुढे शस्त्रक्रियेचा विचार झालाच तर ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

हॉर्मोन जास्त झाले की शरीरातील प्रत्येक पेशी घाईत काम करू लागते आणि तिला जास्त प्राणवायू लागतो. रक्तवाहिन्या सैलावतात, किडन्या मीठ आणि पाणी धरून ठेवतात, अंगातील रक्ताचे एकूण प्रमाण वाढते. हृदयाच्या स्नायूवर तर या हॉर्मोनचा थेटही परिणाम होतो: तो ॲड्रेनलिनला अधिक संवेदनशील होतो, ठोके जलद आणि जोरकस पडतात, आणि महिनोन्‌महिने असे चालले की भिंती जाड होतात, कप्पे ताणले जातात. मर्मर, चौखूर उधळल्यासारखी ठोक्यांची लय, क्वचित अनियमित ठोके, हे सगळे त्यातून येते. दिलासा असा की यातील बराचसा बदल टी४ ताळ्यावर आल्यानंतर काही महिन्यांत मागे फिरतो.

पण सगळा फिरेलच असे नाही. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाच्या भिंती मुळातच जाड होण्याचा विकार, साधारण १५ टक्के मांजरांत आढळतो आणि वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढते. तेव्हा १३ वर्षांच्या मांजरीत दोन्ही आजार केवळ योगायोगाने एकत्र नांदत असणे अजिबात अशक्य नाही. मर्मरवरून यांतला फरक कळत नाही. मांजरांत मर्मर असूनही हृदय निरोगी निघते आणि मर्मर नसताना विकार बराच पुढे गेलेला असतो, त्यामुळे ‘मर्मर आहे’ या एका वाक्यावरून घाबरून जाऊ नका आणि ती नाहीशी झाली म्हणून सुटकेचा निःश्वासही टाकू नका.

आता आजच्या प्रश्नाकडे येते. हृदय कमी पडू लागले की कुत्रे खोकते, मांजर बहुधा खोकत नाही. ते एका कोपऱ्यात जाऊन बसते, कमी हलते आणि त्याचा श्वास वाढतो, जो घरच्यांच्या लक्षात फार उशिरा येतो. म्हणून झोपेतला श्वास मोजणे ही घरी करण्याजोगी सर्वांत मोलाची तपासणी आहे. मांजरी गाढ झोपली असताना तिच्या कुशीकडे पाहा. कूस वर जाऊन खाली आली की एक श्वास. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. ती घुरघुरत असेल किंवा स्वप्नात मिशा आणि पंजे थरथरत असतील तर ती मोजणी धरू नका. निरोगी मांजरीचा, आणि औषधाने हृदय काबूत असलेल्या मांजरीचाही, झोपेतला श्वास मिनिटाला ३० च्या खाली राहतो. लागोपाठ दोन-तीन मोजण्यांत तो ३० च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ४० च्या वर गेला, पोट श्वासाबरोबर खेचले जाऊ लागले किंवा ती तोंड उघडून श्वास घेऊ लागली, तर वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा.

जिथे मांजरांचे हृदय तपासण्याचा सराव असलेले कोणी उपलब्ध आहे, तिथे इको करून घ्यावे असेच मी सांगेन. त्या इकोमधून मला भिंतीच्या जाडीपेक्षा डाव्या वरच्या कप्प्याचा आकार जाणून घ्यायचा असतो. तो कप्पा फुगलेला असेल तर फुफ्फुसात पाणी साचण्याचा आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका खरा असतो. तो नेहमीच्या मापाचा असेल आणि झोपेतला श्वासही २०-२५ च्या आसपास असेल, तर थायरॉइडची गोळी निर्धास्तपणे सुरू करता येते. इको शक्य नसेल तर छातीचा एक्स-रे आणि हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी यांवर काम भागवावे लागते. या रक्ततपासणीबाबत एक सावधगिरी बाळगावी: वाढलेले थायरॉइड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंमुळेही तिचा आकडा चढतो. आकडा कमी आला तर निश्चिंत व्हावे, जास्त आला तर तो निकाल समजू नये.

‘गोळीने हृदय बंद पडेल’ या भीतीबद्दल स्पष्टच सांगते. थायरॉइडची गोळी, म्हणजे मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल, हृदयाला इजा करत नाही. ते हॉर्मोन तयार होण्यावर लगाम घालते आणि त्यामुळे हृदयावरचा भार उलट उतरतो. अशा मांजरीला धोका असतो तो भूल देण्याचा, शिरेतून किंवा त्वचेखालून सढळ हाताने दिलेल्या सलाइनचा, दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा, आणि पिंजऱ्यात धरपकड करून केलेल्या लांबलचक तपासण्यांचा. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचा ‘आधी हृदय’ हा सल्ला शस्त्रक्रियेआधी किंवा किरणोत्सारी उपचारांआधी शंभर टक्के योग्य आहे. तोंडाने द्यायच्या छोट्या मात्रेच्या गोळीसाठी तो तितकासा लागू होत नाही. अपवाद एकच, छातीत आधीच पाणी असेल तर प्रथम ते आटोक्यात आणायचे आणि एक-दोन दिवसांत, मांजरी खाऊ लागली की, थायरॉइडची गोळी जोडायची.

मात्रा आपले डॉक्टरच ठरवतील, तरी अंदाज यावा म्हणून सांगते की मेथिमाझोल साधारणपणे १.२५ ते २.५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा असे सुरू करतात. वयस्क, बारीक झालेल्या आणि हृदयाबद्दल शंका असलेल्या मांजरीत मी खालच्या टोकापासून सुरुवात करते. टी४ ९ वरून चार दिवसांत २ वर आणण्याची कोणतीही घाई नसते, उलट किडनीला सावरायला वेळ मिळतो. कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर मेथिमाझोलमध्येच बदलते. पण १० मिलीग्रॅम कार्बिमाझोलपासून जेमतेम ६ मिलीग्रॅम मेथिमाझोल मिळते, म्हणून एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मिलीग्रॅमला मिलीग्रॅम असा हिशेब करू नये. आणि एकाची ॲलर्जी आली तर दुसऱ्याकडे वळून उपयोग होत नाही.

पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे असतात. उलट्या, खाण्यावरची वासना उडणे, मलूलपणा हे त्रास बहुधा पहिल्या महिन्यात दिसतात आणि मात्रा कमी केली की पुष्कळदा निवळतात. मान आणि चेहरा ओरबाडून ओरबाडून रक्तबंबाळ करणे, कावीळ, किंवा रक्तातील पांढऱ्या पेशी वा प्लेटलेट्स घटणे यांपैकी काही झाले तर मात्र औषध थांबवावे लागते आणि पुन्हा सुरू करायचे नसते. मांजरीला ताप आला किंवा तिने अचानक अन्न टाकले तर पुढची गोळी देऊ नका, आधी फोन करा. गोळी कुटून अन्नात मिसळू नये. ती हाताळल्यावर हात धुवावेत, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने हातमोजे घातल्याशिवाय गोळीला किंवा मांजरीच्या शी-शूच्या ट्रेला हात लावू नये. मांजरी गोळीला मुळीच दाद देत नसेल तर हेच औषध कानाच्या आतल्या केस नसलेल्या भागावर लावायच्या जेलच्या रूपात बनवून मिळते. त्याने पोटाचे त्रास कमी होतात, परिणाम दिसायला मात्र थोडा जास्त वेळ लागतो आणि तो गोळीइतका एकसारखा नसतो. दर वेळी कान बदलावा आणि आधीच्या जेलचा वाळलेला थर ओल्या कापसाने पुसून मगच नवे लावावे, नाहीतर औषध त्या थरावरच बसून राहते.

रक्तदाबाकडे वळते. १७५ हा आकडा उच्च रक्तदाबात मोडतो. १४० च्या खाली सामान्य, १६० ते १७९ धोक्याचा आणि १८० पासून पुढे गंभीर असे सर्वसाधारण टप्पे मानले जातात. पण दवाखान्यातल्या भीतीनेच मांजरीचा दाब ३०-४० ने चढू शकतो. म्हणून तिला शांत खोलीत पाच-दहा मिनिटे स्थिरावू द्यावे, पायाच्या घेराच्या ३० ते ४० टक्के रुंदीचा पट्टा वापरावा, पहिले मोजमाप सोडून द्यावे आणि पुढच्या पाच-सहांची सरासरी घ्यावी. तपासणी रक्त काढण्याच्या आधी करावी, नंतर नव्हे. त्याच भेटीत डोळ्यांचे पडदे तपासून घ्या, कारण दाबाने पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळे होऊ शकते. बाहुल्या मोठ्या आणि उजेडातही न आकसणाऱ्या दिसल्या तर तो तातडीचा प्रसंग समजावा. पडद्यात रक्तस्राव दिसला किंवा दुसऱ्या दिवशीही दाब १६० च्या वर निघाला, तर ॲम्लोडिपिन ०.६२५ मिलीग्रॅम, म्हणजे २.५ च्या गोळीचा चतकोर, दिवसातून एकदा, हा माझा नेहमीचा पहिला पर्याय. टेल्मिसार्टनही चालते. आणखी एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून निसटते: काही मांजरांत थायरॉइड बरे झाल्यावर, पूर्वी ठीक असलेला दाब पुढच्या काही महिन्यांत चढतो. म्हणून आज दाब खाली आला तरी मोजणे थांबवायचे नाही.

२४० ठोके पाहून ॲटेनोलॉल हे ठोके मंद करणारे औषध लगेच सुरू करावे का, असे आपण विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवेलच. मी ते सरसकट देत नाही. टी४ उतरू लागले की दोन-तीन आठवड्यांत ठोके आपसूक कमी होतात. ठोके अनियमित असतील, भूल द्यायची वेळ आली असेल किंवा मांजरी अतिशय बेचैन असेल तर ते उपयोगी आहे. हृदय कमी पडू लागले असेल तर ते घातक ठरू शकते. एकदा सुरू केलेले ॲटेनोलॉल एकदम बंदही करायचे नसते.

आता किडनी, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण थायरॉइड आणि हृदय यांच्यातला सगळा तोल शेवटी किडनीवर येऊन ठेपतो. क्रिएटिनिन १.३ आले म्हणून किडनी ठीक आहे असे आज म्हणता येत नाही. एक तर क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते आणि आपल्या मांजरीने जवळजवळ एक किलो वजन, त्यात बरेचसे स्नायू, गमावले आहेत. दुसरे म्हणजे हॉर्मोनमुळे किडनीतून जाणारे रक्त वाढलेले असते. नळाचा दाब वाढवला की अर्धवट तुंबलेल्या गाळणीतूनही पाणी भराभर उतरते, तसे हे आहे. थायरॉइड ताळ्यावर आले की हा दाब उतरतो आणि आधीपासून असलेला किडनीचा आजार कागदावर दिसू लागतो. तो गोळीने निर्माण केलेला नसतो, गोळीने उघडा पाडलेला असतो. म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वी लघवीची घनता आणि लघवीतील प्रथिने तपासून ठेवा, एसडीएमए ही किडनीची रक्ततपासणी करता आली तर तीही करा. यांतून भविष्य कळतेच असे नाही, पण तुलना करायला पाया मिळतो.

क्रिएटिनिन वाढले की ‘थायरॉइड मुद्दाम थोडे चढे ठेवा, म्हणजे किडनीला रक्त मिळेल’ असा सल्ला हमखास कानावर येतो. मला तो मान्य नाही. चढ्या हॉर्मोनने किडनीच्या गाळण्यांवर दाब राहतो, लघवीतून प्रथिने जातात, शरीरातील मीठ-पाणी धरून ठेवणारी यंत्रणा जागी राहते आणि हृदयाचा भार तसाच राहतो. आजचा आकडा सुंदर दिसतो आणि झीज मात्र चालू राहते. याच्या उलट टोकाची चूकही तितकीच महागात पडते. टी४ फार खाली गेले तर किडनीचे काम गरजेपेक्षा जास्त मंदावते, आणि ज्या मांजरांत टी४ असे खाली गेलेले असते व क्रिएटिनिनही वाढलेले असते, त्या कमी जगतात असे अभ्यासांत दिसून आले आहे. टी४ साधारण १ ते २.५ च्या दरम्यान, म्हणजे प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या खालच्या अर्ध्यात, राहावे हे माझे लक्ष्य असते. क्रिएटिनिन वाढले आणि टी४ तळाशी गेले असेल तर टीएसएच हे थायरॉइडला चालना देणारे हॉर्मोन मोजून पाहते. ते वाढलेले निघाले तर प्रथम थायरॉइडच्या गोळीची मात्रा कमी करते आणि त्यानंतरच किडनीच्या आजाराविषयी बोलते.

क्रम पुन्हा एकदा सांगते: झोपेतला श्वास आणि शक्य असल्यास इको, शांतपणे मोजलेला रक्तदाब आणि डोळ्यांचे पडदे, लघवीची तपासणी, मग कमी मात्रेची गोळी. दोन ते तीन आठवड्यांनी टी४, क्रिएटिनिन, यकृताचे एन्झाइम आणि रक्तपेशींची मोजणी. मात्रा बदलली की पुन्हा तेवढ्याच दिवसांनी तपासणी. आणि सगळे स्थिरावल्यावर दर तीन ते सहा महिन्यांनी. रक्त गोळी दिल्यानंतर किती तासांनी काढावे याची चिंता करू नका, टी४ वर त्याचा विशेष परिणाम होत नाही.

हृदयाचा खरा निवाडा टी४ सलग दोन-तीन महिने ताळ्यावर राहिल्यावर करायचा, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळेल. माझ्याकडे येणाऱ्या एका बोक्याची मर्मर पहिल्या भेटीत खोलीच्या दारातूनच ऐकू येईल की काय अशी होती. थायरॉइड काबूत आल्यावर ती पुसट झाली, भिंतीची जाडी मर्यादेत आली आणि हृदयाचे कोणतेही औषध त्याला कधी लागले नाही. त्याच सुमारास आलेल्या एका मांजरीत मात्र भिंती तशाच जाड राहिल्या आणि डावा कप्पा फुगतच गेला, कारण तिला मूळचा विकार होता. पहिल्या भेटीत दोघांचे अहवाल जवळपास सारखेच दिसत होते.

डावा कप्पा बराच फुगलेला राहिला तर क्लोपिडोग्रेल हे गुठळी टाळणारे औषध सुरू करावे. मात्रा १८.७५ मिलीग्रॅम, म्हणजे ७५ च्या गोळीचा चतकोर, दिवसातून एकदा. ही गोळी भयंकर कडू असते, जिभेला लागली की मांजर तोंडाला फेस आणते आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्याला पाहून पळते. म्हणून पहिल्या दिवसापासूनच रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घालून द्या आणि वरून थोडे पाणी किंवा ओले अन्न द्या. हे औषध ज्या संकटासाठी देतात, ते म्हणजे गुठळी सुटून मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत अडकणे. मांजर एकाएकी किंचाळते, मागचे पाय लुळे पडतात, पंजे गार आणि पायाच्या गाद्या फिकट वा निळसर होतात. ते वेदनेने तळमळत असते, त्यामुळे ‘पाय मुरगळला असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. फुफ्फुसात किंवा छातीत पाणी झाले तर ते लघवीवाटे काढणारे फ्युरोसेमाइड लागते आणि ते बहुधा मग चालूच राहते.

इथेच हृदय आणि किडनी एकमेकांच्या विरोधात उभी राहतात. किडनीच्या रुग्णाला त्वचेखाली सलाइन देतात; फुगलेल्या डाव्या कप्प्याच्या मांजरीला तेच सलाइन फुफ्फुसात पाणी आणू शकते. हृदयासाठी दिलेले फ्युरोसेमाइड किडनीला कोरडे पाडते आणि पोटॅशियम घटवते. मांजरीची मान छातीकडे झुकू लागली, तिला डोके वर उचलवेना, तर पोटॅशियम तपासायला सांगा. अशा वेळी मी श्वास शांत राहील एवढीच फ्युरोसेमाइडची सर्वांत कमी मात्रा ठेवते, पाणी तोंडावाटे जावे म्हणून ओले अन्न आणि जागोजागी पाण्याची भांडी यांवर भर देते, आणि सलाइनचा विचार शेवटी करते. क्रिएटिनिन थोडे वाढलेले पण मांजरी खाते आहे आणि श्वास २५ आहे, ही स्थिती मी स्वीकारते. क्रिएटिनिन सुरेख आणि मांजरी धापा टाकते आहे, ही स्थिती स्वीकारता येत नाही.

आहाराबद्दल थोडेच. गमावलेले स्नायू परत मिळवायचे असल्यामुळे किडनीसाठीचा कमी प्रथिनांचा आहार केवळ संशयावरून सुरू करू नका. अन्नातील टॉरिन या आवश्यक घटकाच्या कमतरतेने मांजरांचे हृदय ताणले जाऊन दुबळे होते हे १९८७ मध्ये सिद्ध झाले आहे, तेव्हा घरी शिजवलेलेच अन्न देत असाल तर डॉक्टरांना तसे सांगा. आयोडीन अत्यल्प असलेला तयार आहार थायरॉइड आटोक्यात ठेवू शकतो, पण मग दुसरे काहीही, अगदी एखादा तुकडासुद्धा, चालत नाही. जास्त मांजरे असलेल्या घरात हे क्वचितच जमते.

गोळी गाठ नाहीशी करत नाही. ती वाढतच राहते, म्हणून वर्षा-दोन वर्षांत मात्रा वाढवावी लागते. कायमचा इलाज म्हणून किरणोत्सारी आयोडीन-१३१ चे त्वचेखाली दिलेले एक इंजेक्शन सुमारे ९५ टक्के मांजरांना बरे करते. त्याचा किरणोत्सार निम्मा व्हायला ८ दिवस लागतात, त्यामुळे मांजरीला काही दिवस वेगळे ठेवावे लागते आणि त्या काळात तिला फारसे हाताळता येत नाही. म्हणून हृदय त्याआधी स्थिर हवे. हा उपचार मागे घेता येत नाही, तेव्हा आधी गोळीवर दोन-तीन महिने काढून किडनी काय म्हणते ते पाहावे, असे मी सुचवते. शस्त्रक्रियेत भुलीचा धोका आहे, शिवाय दोन्ही बाजू काढताना शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या तर कॅल्शियम धोकादायक पातळीला घसरते. हृदयाची शंका असताना मी तो पर्याय मागे ठेवते.

राहिला तिसरा प्रश्न. उपचार न केल्यास हा आजार तिला शांतपणे म्हातारी होऊ देणार नाही. ती भुकेली राहून झिजत जाईल, तिला झोप लागणार नाही आणि अखेर हृदय किंवा डोळे दगा देतील. उपचारांचा त्रास म्हणजे रोजच्या दोन गोळ्या किंवा कानाला जेल, आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी. दवाखान्यात जाण्याचीच तिला दहशत असेल तर निघण्यापूर्वी दोन-तीन तास आधी गॅबापेन्टिन हे तिला शांत करणारे औषध देण्याबद्दल विचारा. किडनीची शंका असल्यामुळे मात्रा कमी ठेवावी लागेल, आणि रक्तदाब मोजणाऱ्यांना ते दिल्याचे सांगावे. थायरॉइड काबूत असलेल्या आणि किडनी बऱ्या असलेल्या मांजरी निदानानंतर कित्येक वर्षे चांगल्या जगतात. किडनीचा आजार शेवटच्या टप्प्यात असेल किंवा शरीरात दुसरीकडे कर्करोग निघाला, तर मात्र मी इको, वारंवार रक्त काढणे हे सगळे बाजूला ठेवते, सोसेल एवढीच थायरॉइडची मात्रा देते आणि भूक, झोप व श्वास या तीन गोष्टींवरून पुढचे ठरवते. आपल्या अहवालांत आज तरी तसे काही दिसत नाही, म्हणून तिचे उपचार सुरू करावेत असेच मी सांगेन. पुढच्या भेटीला जाताना आठवडाभराच्या झोपेतल्या श्वासांच्या नोंदी, लहान बाळाच्या वजनकाट्यावर केलेली तिची दोन-तीन वजने, आणि ती कधी तोंड उघडून श्वास घेताना दिसली असेल तर त्याचे मोबाइलवरचे चित्रण सोबत न्या.